पलीकडची चकाकी

पलीकडच्या वाडीवर पहिल्यांदा काहीतरी चकाकलं तेव्हा पत्रेवालिणीला वाटलं, कुणी पातेलं घासून छपरावर वाळत ठेवलं असेल. ती टेकाडावर शेवग्याच्या फांद्या वाकवून पाला ओरबाडत होती. बोटं हिरवी-काळी झाली होती. तिनं डोळ्यांवर हात धरून पाहिलं आणि पुन्हा फांदी ओढली. पातेलं असेल तर संध्याकाळपर्यंत कुणी उचलेल.

ते कुणी उचललं नाही. दुसऱ्या दिवशीही ते तिथेच होतं, आणि आठवडा उलटतो न उलटतो तोच त्याच्या शेजारी आणखी एक दिसू लागलं. मग ओढ्याच्या अंगाला तिसरं. आता टेकाडावर चढली की ती आधी पलीकडे बघायची आणि मगच फांदीला हात घालायची.  पातेली इतके दिवस एका जागी बसत नाहीत हे तिला कळत होतं. ती काच होती. काच तिथे कशी पोचली हेही तिला कळत होतं, फक्त ते मनाशीसुद्धा बोलायची तिची तयारी नव्हती.

दिवस ओढीचे होते. जुनं धान्य कणगीच्या तळाशी गेलेलं, नवं अजून शेतात उभं. गाई आटलेल्या. ऊन मात्र लख्ख, आभाळात औषधाला ढग नाही. अशा दिवसांत वाडीतल्या मोठ्या माणसांचे पट्टे एक भोक आत सरकत आणि लहान पोरांच्या बरगड्या वर येत. दर वर्षीचंच ते. कुणी त्याला दुखणं म्हणत नसे. "दात येताहेत," म्हणत, नाहीतर "उंची धरतोय" म्हणत.

दुखणं म्हणणारी पहिली माणूस पोरांच्या पोषणाचं काम बघणाऱ्या एका संस्थेकडून आली. जाड चष्म्याची, सडपातळ, शिकलेली मुलगी. खांद्याला काटा लटकवून यायची, झाडाच्या फांदीला तो बांधायची आणि पोरं झोळीत घालून तोलायची. वाडीनं तिचं नाव वजनबाई ठेवलं. तिला ते आवडलं नाही, पण पुढे तीच हाका मारताना "मी वजनबाई आलेय हो" म्हणू लागली.

संस्थेनं उन्हात पाला वाळवायची एक पेटी पाठवली होती. पत्र्याचा उतरता खोका, आत काळा रंग, वर काच. पाला त्यात वाळायचा खरा, पण तपकिरी होऊन. वजनबाई म्हणाली, रंग गेला की आतलं सत्त्वही जातं, पोरांच्या डोळ्यांना आणि अंगाला जे लागतं तेच नेमकं उन्हानं मरतं. मग तिच्या नवऱ्यानं, पत्रेवाल्यानं, पेटीच्या पाठीला वर एक झडप कापली, आतली वाफ निघून जावी म्हणून. आणि पत्रेवालिणीनं जुनी विरलेली चादर फाडून काचेखाली, पाल्याच्या वर ताणून बांधली. तिच्या मनात काही मोठं नव्हतं. उन्हात तान्ह्या पोराला निजवताना तोंडावर फडकं टाकतात, तसं टाकलं. पाला वाळला तो हिरवागार. चुरला की पोपटी भुकटी व्हायची, आणि ती पोरांच्या पेजेत कालवायची.

तेव्हापासून अंगणात पेटी तिच्या ताब्यात होती. सकाळी पाला धुवायचा, निथळायचा, काड्या वेचायच्या, पातळ पसरायचा. उन्हं कलली की काढायचा, चुरायचा, चाळायचा. संस्थेच्या केंद्रातल्या बाया डबा भरून न्यायच्या आणि अलीकडच्या वाडीतल्या प्रत्येक लहानग्याला रोज चमचाभर मिळायची. पलीकडच्या वाडीला मिळायची नाही. तिथली पोरं नुसतीच तोलायची.

"असं का हो बाई?" तिनं एकदा विचारलं होतं. "ती काय सावत्र आहेत?"

"सावत्र नाहीत, मावशी. तोलायला दोन पारडी लागतात ना? एका पारड्यात भुकटी, एका पारड्यात काही नाही. तेव्हाच कळणार, पोरं भुकटीनं वाढली की आपली आपणच वाढली. कळलं की मग दोन्हीकडे देऊ. सगळीकडे देऊ."

तिला ते पटलं होतं. पण पलीकडच्या पारड्यात तिची लेक होती. लेकीचं पोर होतं.

*

तोलायच्या दिवशी केंद्राच्या दाराशी बायांची ही गर्दी. पोरं झोळीत घातली की टाहो फोडायची. काट्याचा काटा थरथरायचा आणि वजनबाई "हलवू नका, हलवू नका" करत चष्मा वर सरकवायची. आज पोरं भरली होती. एकाच्या मनगटावर वळी पडली होती, त्याची आई ती सगळ्यांना दाखवत फिरत होती.

"याच्या बापाला पण चमचाभर द्या हो बाई," कुणीतरी म्हणालं, "वाळून काडी झालाय."

"बापाला पेटीत घाला," दुसरी म्हणाली. "वर चादर टाका, हिरवा राहील."

सगळ्या हसल्या. वजनबाई हसली नाही. गर्दी पांगल्यावर ती पत्रेवालिणीच्या अंगणात येऊन पेटीजवळच्या दगडावर बसली. पत्रेवाला छपरीत बादलीचं बूड बसवत होता, त्यानं ठोकणं थांबवलं.

"पोरं वाढली ना?" पत्रेवालिणीनं पाण्याचा तांब्या पुढे केला. "मग तोंड का असं?"

"वाढली. पण पलीकडचीही वाढलीत, मावशी."

तांब्या तिच्या हातात तसाच राहिला.

"जवळजवळ इथल्याइतकीच," वजनबाई म्हणाली. "काल तिथे तोललं. दोनदा तोललं, काटा बिघडला असेल म्हणून. काटा ठीक आहे. म्हणजे भुकटीनं काही होत नाही. काहीतरी वेगळंच असणार, पाणी, हवा, देव जाणे. पुढच्या आठवड्यात पैसे देणारी समिती बसेल. हे आकडे गेले की समितीतले लोक विचारणार, मग पैसे कशाला घालायचे? केंद्रातलं वाटप बंद होईल. आणि एकदा कागदावर आलं की पाल्यात दम नाही, तर पुन्हा कुणी त्याच्याकडे बघणार नाही. इथेच नाही, कुठेच नाही."

"आणि पेटी?" पत्रेवाल्यानं छपरीतून विचारलं. आवाज साधा होता, पण हातोडी त्यानं खाली ठेवली नव्हती.

"पेटीचं वेगळं आहे, काका. पेटीच्या हक्काचा, पेटंटचा अर्ज तयार आहे. झडप आणि चादर, दोन्ही लिहिलंय त्यात. तुम्हा दोघांची नावं आहेत, संस्थेबरोबर. त्याचा वजनांशी संबंध नाही. सोमवारी जाईल तो." तिनं चष्मा वर सरकवला. "फक्त तोवर कुठे बाहेर जाऊ देऊ नका. आधी उघडं झालेलं असलं तर अर्ज टिकत नाही. तुम्हाला वाचून दाखवलं होतं ना?"

"इथून काही जात नाही," पत्रेवाला म्हणाला आणि हातोडी उचलली. ठोक पहिल्यापेक्षा हलकी पडली.

वजनबाई पाणी प्यायली. पत्रेवालीण पेटीची काच पदरानं पुसत राहिली. काच स्वच्छच होती.

*

पत्रेवाल्याच्या नावाची एक जुनी गोष्ट होती, आणि ती घरात कुणी काढत नसे. लग्नानंतर चार-पाच वर्षांत त्यानं धान्याच्या कणगीला खालून एक सरकतं तोंड बसवलं होतं. धान्य हवं तेवढं पडायचं आणि उंदराला मिशीसुद्धा घालता यायची नाही. बाजारात त्या कणग्यांवर झुंबड पडली. त्यानं प्रत्येकीच्या काठाखाली छिन्नीनं आपलं चिन्ह उठवलं होतं, चिमणीच्या पायासारखे तीन ओरखडे. पुढच्या हंगामाला तशाच कणग्या मोठ्या दुकानांत आल्या, स्वस्त, पातळ पत्र्याच्या. एका दुकानदारानं त्यालाच गिऱ्हाईक समजून कणगी दाखवली. वर म्हणाला, "अस्सल आहे हो, हे बघा, खाली चिन्ह आहे."

खाली चिमणीचा पाय होता. वाकडा काढलेला.

त्या दिवशी तो बाजारातून चालत घरी आला होता, गाडी सोडून. नंतर त्यानं कणगी कधी केली नाही. बादल्या, घमेली, डबे, पन्हाळी. चिन्हही बंद केलं. म्हणूनच पेटीबद्दल संस्थेचा करारनामा आला तेव्हा त्यानं त्याच्यासाठी पत्र्याची नळी बनवली, झाकण घट्ट बसेल अशी, आणि ती आढ्याला टांगली. कुणी आलं की तो वर बघायचा. सांगायचा काही नाही, नुसता बघायचा.

वजनबाई येऊन गेली त्या रात्री जेवतानाही तो वर बघत होता.

"सोमवारी," तो म्हणाला.

"हं."

"तुझं नाव आधी आहे की माझं, विचारायला हवं होतं."

"तुमचंच असेल."

"चादर तुझी होती," तो म्हणाला. तिनं हातातली भाकरी ताटात ठेवली.

बाळंतपणाला लेक माहेरी आली होती तेव्हा पेटी नुकतीच जमली होती. लेकीनं सगळं पाहिलं होतं, अंगणात खाटेवर बसून, पोराला पाजताना. परत जाताना पत्रेवालिणीनं भुकटीचा डबा तिच्या पिशवीत तळाशी ठेवला होता. पोर अशक्त होतं, मांड्यांची कातडी सैल. करार ऐकताना "बाहेर" म्हटल्यावर तिच्या डोळ्यांपुढे बाजार आला होता, दुकानं आली होती. लेक आलीच नव्हती. लेकीला कुणी रिकाम्या हातानं पाठवतं का?

एक डबा. तो कधीच संपला असणार. आणि पलीकडे तर सगळीच पोरं वाढत होती.

*

सकाळी घरात पाल्याचं निमित्त सांगून ती ओढा उतरली. ओढ्यात पाणी नव्हतं, नुसते गोटे. पलीकडची चढण चढताना दम लागला, तशी ती एका बाभळीला धरून उभी राहिली आणि वर पाहिलं. जवळून चकाकी दिसत नव्हती. छपरं दिसत होती. आणि छपरांवर पेट्या.

एकीला मोटारीच्या खिडकीची काच होती, एकीला तसबिरीची, कोपऱ्यात जुन्या कागदाचा तुकडा चिकटलेली. एकीनं खोक्याऐवजी फुटकं घमेलं वापरलं होतं. आत काळा रंग नव्हता, चुलीची काजळी होती. प्रत्येकीत काचेखाली काही ना काही फडकं ताणलेलं, कुठे पोतं, कुठे परकराचा घेर. पाठीला झडपा, वाकड्यातिकड्या, कातरीनं कशाबशा कापलेल्या. तिला आपलं अंगण कुणीतरी आरशाच्या तुकड्यांत फोडून पसरल्यासारखं वाटलं.

लेक दारातच होती. पोर कडेवर. पोरानं आजीला पाहून लाळेचा फुगा काढला. तिनं आधी त्याचे दंड दाबून पाहिले. दंड भरलेले होते. हात तसाच ठेवून ती म्हणाली, "कितीजणींना सांगितलंस?"

लेकीचा चेहरा उतरला. "मी एकीलाच सांगितलं, आई."

"एकीलाच!"

"शेजारणीला. तिचं पोर रात्रभर रडायचं गं, आवाजसुद्धा निघेना नंतर. ऐकू यायचं मला. डबा माझ्या घरात, आणि ते भिंतीपलीकडे. मी काय करू? डबा संपला, मग पेटी करून घेतली ह्यांच्याकडून. शेजारणीनं बघून केली. मग तिच्या जावेनं."

"मला सांगायचंस तरी."

"सांगितलं असतं तर तू नको म्हणाली असतीस."

 तेवढ्यात विहीण हात पुसत बाहेर आली. विहीणबाईंचं तोंड म्हणजे वाजतं घंगाळ.

"या, या. पत्रेवालीणबाई आमच्या पेट्या तपासायला आल्या. आमचा मुलगा काही पत्रेवाला नाही हो, म्हणून वाकडं झालंय. चालतं मात्र."

"विहीणबाई, वजनबाईला का नाही सांगितलंत? ती विचारते ना, काय खायला देता म्हणून?"

"विचारलं की तिनं. म्हणाली, नवीन काही देता का? दोन महिने रोज देतोय, ते नवीन कसलं? नाही म्हटलं. ती तोलते खाली ओढ्याकाठी, आणि मान काट्यातून वर काढत नाही, छपरं बघणार कधी?" विहिणीनं डोळे मिचकावले, मग पत्रेवालिणीचा चेहरा बघून आवाज खाली आणला. "का? काही चुकलं का?"

 पत्रेवालीण तोवर शेजारच्या छपराच्या शिडीवर चढली होती. काचेच्या आतून पाण्याचे थेंब लोंबत होते. झडप उघडून तिनं पाला नाकाशी धरला. आंबट वास आला. चुरडला तर तो तुटेना, वाकला, आणि देठांजवळ पांढरी मऊ लव होती.

"हा कुणाच्या पोराला दिलाय?"

"ते पोर दोन दिवस ढाळतंय," लेक हळूच म्हणाली. "आम्हाला वाटलं, दातांमुळे."

तिनं सगळा पाला उपसून खाली टाकला.  आता नुसत्या अर्जाची गोष्ट उरली नव्हती. तिनं एक डबा दिला होता, आणि तो डबा इथे छपराछपरावर चढून बसला होता, अर्धवट वाळलेला, बुरसटलेला, आणि पोरांच्या तोंडात जात होता.

"कुणी काही देऊ नका आता," ती म्हणाली. "मी सांगेपर्यंत."

"आणि तू कुणाला सांगणार आहेस?" लेकीनं विचारलं. "बाबांना?"

*

तिनं परतीच्या वाटेवर दोन्ही बाजू उलटून-पालटून पाहिल्या. गप्प बसलं तर सोमवारी अर्ज जाईल, नळी आढ्याला राहील, नवरा वर बघत जेवेल. आणि भुकटी निकामी ठरेल. ओढीचे दिवस दर वर्षी येतील आणि पोरं उंची धरत राहतील. बोललं तर वजनबाईला खरं कळेल की दोन्ही पारड्यांत भुकटीच होती. पण त्याच तोंडानं हेही सांगावं लागेल की पेटी छपराछपरावर उघडी पडली आहे. एक खरं अर्धं सांगता येत नव्हतं.

पत्रेवाला छपरीत पन्हाळ वळवत होता. तिनं त्याच्यासमोर बसून सांगितलं. सगळं, डब्यापासून. सांगताना ती जमिनीवरच्या पत्र्याच्या कातरणांकडे बघत होती. एक कातरण उन्हात हलत होतं.

 तिचं सांगून झालं तेव्हा त्यानं पन्हाळ खाली ठेवली.

"टेकाडावरून दिसतात म्हणालीस," तो म्हणाला. "चकाकतात?"

"हो."

"भर दुपारीही?"

"दुपारीच जास्त." तिला वाटलं, किती लोकांनी पाहिलं असेल याचा हिशेब तो मांडतोय. "अहो, मी उद्या बाईला सांगणार आहे. पोरांचं..."

"तू दिलंस, तूच सांग," तो म्हणाला आणि पन्हाळीचं दुसरं टोक हातात घेतलं.

त्या संध्याकाळी तो जेवला, पण वर पाहिलं नाही. तिच्याकडेही पाहिलं नाही. एवढंच झालं. तिला ओरडणं चाललं असतं.

सकाळी ती पाला निथळत ठेवून आत आली तर छपरी रिकामी होती. मोठी हातोडी खुंटीवर नव्हती. पहारही नव्हती.

*

वजनबाई तिला ओढ्याच्या अलीकडे, वाटेवरच भेटली. काटा खांद्याला, पाठीवर पिशवी. पलीकडे पुन्हा तोलायला निघाली होती, मनाची खात्री होईना म्हणून. पत्रेवालिणीनं तिला टेकाडाच्या उतारावरच थांबवलं आणि उभ्याउभ्या सांगून टाकलं. आज शब्द कालच्यापेक्षा सरळ आले. फक्त हातोडीचं तिनं सांगितलं नाही.

वजनबाईनं काटा खांद्यावरून काढून दगडावर ठेवला आणि शेजारी बसली. चष्मा काढला. डोळे एकदम लहान पोरासारखे दिसू लागले.

"दोन महिने मी पाण्याचे नमुने नेत होते," ती म्हणाली. "पलीकडच्या विहिरीचे. दोनदा."

"रागवा तुम्ही मला."

"थांबा जरा, मावशी." तिनं चष्मा ओढणीनं पुसला. "अर्ज आता देता येणार नाही. मला माहीत असताना नाही देता येणार. आणि वजनं... हे सगळं पुन्हा लावावं लागेल. दुसरीकडे कुठेतरी. समिती पुन्हा पैसे देईल की नाही, मलाच ठेवेल की नाही, काही सांगता येत नाही." मग, जरा वेळानं, स्वतःशीच बोलल्यासारखं, "पण निकामी नाही ती. पारडं खोटं होतं. भुकटी खोटी नव्हती." ती पुढे काहीतरी म्हणत होती, पण पत्रेवालिणीचं लक्ष उडालं होतं.

पलीकडे एक चकाकी विझली.

ओढ्याच्या अंगाची, तिसरी. होती, आणि नाही झाली. तिनं डोळे चोळले. मग तिच्या वरची विझली. मधे थोडा वेळ गेला. मग मोटारीच्या काचेची, सगळ्यात मोठी, जी डोळ्यांत सुईसारखी घुसायची, ती एकदा लखकन हलली आणि गेली.

"मावशी? काय झालं?"

"आमचे हे हातोडी घेऊन गेलेत," ती म्हणाली. "फोडताहेत सगळ्या."

ती उतार धावतच उतरली. गोट्यांवरून घसरली, गुडघा फुटला, उठली. मागून काट्याच्या साखळीचा आवाज येत होता, वजनबाईही धावत होती. तिच्या डोक्यात फुटक्या काचांचा खच होता, त्यावरून रांगणारी पोरं होती, आणि विहिणीचा आवाज, अख्ख्या वाडीला पुरेल असा. बाजारातून चालत आलेल्या माणसाचं इतक्या वर्षांचं साठलेलं आज बाहेर पडलं असेल, आणि ते पडलं असेल लेकीच्या दारात.

चढण चढून ती वाडीत आली. काच फुटल्याचा आवाज नव्हता. ठोकल्याचा होता. तिच्या ओळखीचा, मोजून घातलेला, पत्र्याला न दुखवणारा ठोका.

पत्रेवाला शेजारणीच्या छपरावर उकिडवा बसला होता. तोंडात खिळे. खाली विहीण दोन्ही हातांनी शिडी धरून उभी होती आणि तिचं तोंड चालूच होतं.

"सकाळपासून आलेत व्याही. चहा नको, पाणी नको, रामराम नको. मी म्हटलं, उलट्या असतील पेट्या, आम्ही तर सुलट्या आहोत ना? तर म्हणतात, शिडी धरा."

पेट्या शाबूत होत्या. फक्त फिरल्या होत्या. ज्या काल ओढ्याकडे तोंड करून होत्या त्या आज पाठ करून बसल्या होत्या, पहारीनं उचकटून, खाली दगडांचे नवे टेकू लावून.

"काका," वजनबाई धापा टाकत म्हणाली, "काय करताय?"

त्यानं खिळे तोंडातून तळहातावर घेतले. "आमची पेटी ओढ्याकडे तोंड करून आहे. पोरीनं ते लक्षात ठेवलं. ओढ्याकडे. पण आमचा ओढा दक्षिणेला, उन्हाच्या अंगाला, हिचा उत्तरेला." तो खाली लेकीकडे बघत होता, आणि लेक पोराच्या टाळूत तोंड खुपसून उभी होती. "सगळ्या वाडीनं उन्हाला पाठ दिली. ऊन काचेवरून उडून आमच्या टेकाडावर. मग आत काय, घाम नुसता. पाला कुजणार नाही तर काय होणार? काच नीट बसली की डोळ्यांत येत नाही."

म्हणून भर दुपारीही का, असं त्यानं विचारलं होतं.

पत्रेवालिणीनं खालच्या पडवीवर बसवलेल्या पेटीच्या काठाखाली बोटं घातली. पत्रा उन्हानं तापला होता. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तिनं बोटं फिरवली. चिमणीचा पाय लागला नाही. ती दुसऱ्या पेटीकडे गेली. तिथेही काठ गुळगुळीत होता.

"चिन्ह नाही उठवलंत?" तिनं वर बघून विचारलं.

"त्यांनी केल्यात," तो म्हणाला. "मी नुसत्या फिरवल्या. दुसऱ्याच्या कामाखाली आपला पाय काढायचा म्हणजे..." पुढचं त्यानं सांगितलं नाही. खाली ते माहीत असणारी एकच होती.

 वजनबाईनं दाराजवळच्या झाडाची फांदी शोधली, काटा बांधला, झोळी अडकवली. मग विहिणीकडे वळून म्हणाली, "आता पहिल्यापासून सांगा. कोणत्या पोराला काय देता, कधीपासून देता. नवीन असो की जुनं, सगळं सांगा. आणि ढाळणारं पोर कुठलं? ते आधी आणा."

"सगळं सांगायचं तर मला दोन्ही हात लागतात," विहीण म्हणाली आणि शिडी सोडून निघाली.

शिडी जराशी हलली. पत्रेवाल्यानं छपराच्या कडेला हात टेकला. कालपासून त्यानं बायकोला स्वतःहून एक शब्द टाकला नव्हता. आताही त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही, पुढच्या छपराकडे पाहिलं. तिथे तसबिरीची काच अजून चकाकत होती.

"शिडी धर," तो म्हणाला.

तिनं शिडी धरली.